पोलिओचा माहितीपट पाहून झाल्यावर: गावोगावचे नेहमीचे प्रश्न

पोलिओ हटवण्याच्या जगभरच्या मोहिमेवरचा माहितीपट आम्ही विदर्भातल्या खेड्यांत दाखवतो. कधी ग्रामपंचायतीच्या आवारात, कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी सप्ताह उठल्यावर त्याच मंडपात. पडद्यावर पाकिस्तानातलं पेशावर, नायजेरियातलं कानो, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद असतं; प्रश्न मात्र आपल्या अंगणवाडीपासून सुरू होतात. परत परत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. काही उभं राहून विचारलेले, बरेचसे नंतर व्हॉट्सअॅपवर आलेले. विचारणाऱ्याची बोली शक्य तिथं तशीच ठेवली आहे. अडचणीचे प्रश्न गाळलेले नाहीत. आपण गाळले की त्यांची उत्तरं पानठेल्यावर मिळतात, आणि ती बहुधा चुकीची असतात.

१. पोलिओ म्हंजे नेमकं काय असते? पाय बारीक होते तोच ना?

तोच. पण पाय बारीक होणं ही शेवटची पायरी. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. तिथून पाणी, हात, माश्या, मातीत खेळणारी लेकरं असा त्याचा फेरा चालू राहतो. लागण झालेल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही, फार तर थोडा ताप किंवा घसा. साधारण २०० लागणींमागे एका मुलात तो मज्जातंतूंपर्यंत पोचतो आणि हातपाय कायमचे लुळे पडतात. असा लकवा झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के मुलं श्वासाचे स्नायू बंद पडून दगावतात. यावर औषध नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका सर्वांत जास्त.

२०० मध्ये एक हा आकडा लक्षात ठेवा. खालची निम्मी उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

२. पोलिओ तं गेला म्हनतात. मंग दरवर्षी पोट्ट्याले थेंब कायले पाजाचे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि रास्त प्रश्न. भारतातला नैसर्गिक (म्हणजे लसीतून न आलेल्या, मूळ विषाणूच्या) पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी. त्यानंतर २७ मार्च २०१४ रोजी आपल्यासह जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला.

म्हणजे आपल्याकडून गेला, जगातून नाही. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो कधी थांबलेलाच नाही. २०२१ मध्ये पाकिस्तानात फक्त एक रुग्ण होता, तेव्हा आता संपलाच असं सगळ्यांना वाटलं. २०२४ मध्ये तिथं ७४ आणि अफगाणिस्तानात २५ रुग्ण निघाले. ‘ते लई दूर आहे’ असं कोणी म्हटलं की आम्ही मलावीचं उदाहरण देतो. आफ्रिकेतल्या या देशात एका मुलीला पोलिओ झाल्याचं २०२२ मध्ये कळलं आणि त्या विषाणूचं मूळ पाकिस्तानात निघालं. आपणही याला अपवाद नाही. २०१० मध्ये ताजिकिस्तानात ४०० च्या वर मुलं लुळी पडली, तो विषाणू उत्तर भारतातून गेलेला होता. विषाणू अंगात असलेला माणूस ठणठणीत दिसतो, गाडीत बसतो, विमानात बसतो.

दरवर्षी नव्या मुलांची भर पडते आणि त्यांनी हा विषाणू पाहिलेला नसतो. थेंब त्यांच्यासाठी.

३. आमच्या लेकराले सगळे डोस उपकेंद्रात देल्ले. तरी रविवारी पाजाच लागते का?

हो. काल नेहमीचा डोस झाला असेल तरी आज पाजा, बाळ काल जन्मलं असेल तरी पाजा. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही.

रविवारच्या मोहिमेचा हिशोब एका लेकराचा नसतो. एकाच दिवशी गावातल्या सगळ्या मुलांच्या आतड्यात लसीचा विषाणू बसला की बाहेरून आलेल्या विषाणूला राहायला जागा उरत नाही. आज दहा, पुढच्या महिन्यात दहा असं केलं तर त्याला एका घरातून दुसऱ्या घरात सरकत राहता येतं. म्हणून १९९५ पासून देशभर एकाच दिवशी बूथ लागतात. नेहमीचे डोस आपल्या लेकरासाठी, रविवारचा डोस गावासाठी, दोन्ही लागतात.

४. नेहमीचे डोस किती? आणि थेंब असताना दंडावर सुई कशाला?

जन्मल्यावर पंधरा दिवसांच्या आत एक. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना एकेक (कार्डावर ६, १० आणि १४ आठवडे असं लिहिलेलं असतं). सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर. हे झाले थेंब. याशिवाय ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वेळी दंडावर कातडीत छोटी सुई देतात. तिसरी सुई २०२३ पासून वाढवली, त्यामुळे थोरल्या मुलाच्या कार्डावर ती दिसणार नाही, घाबरू नका. थेंब आणि सुई दोन्ही का, ते प्रश्न १४ मध्ये.

५. सर्दी-ताप असताना, हगवण लागली असताना पाजायचं का? पाजल्यावर ओकलं तर?

साधा ताप, सर्दी, हगवण यांसाठी डोस टाळू नका. लगेच ओकलं किंवा थुंकलं तर ताईंना सांगा, त्या परत पाजतात. अंगावरचं दूध आधी-नंतर कधीही चालतं. मूल खरोखर अत्यवस्थ असेल, किंवा त्याची प्रतिकारशक्ती जन्मतः फारच कमी आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल, तर मात्र थेंबांआधी डॉक्टरांना विचारा.

६. दारावर खडूनं काहीतरी लिहून जातात. आमचं नाव यादीत घालतात काय?

नाही. इंग्रजी ‘पी’ लिहिला असेल तर त्या घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्यांना डोस झाला, किंवा त्या वयाचं मूलच नाही. ‘एक्स’ असेल तर कोणीतरी राहिलं आहे: मूल बाहेर गेलंय, घराला कुलूप होतं किंवा नको म्हणाले. अशा घरी टीम परत येते. सोबतचे आकडे तारखेचे आणि टीमच्या क्रमांकाचे. डाव्या करंगळीवरची शाईही त्याचसाठी. दिवाळीला रंगवलेल्या भिंतीवर लिहिलं म्हणून भांडणं होतात हे खरं. ताईंना चौकटीवर लिहायला सांगा, त्या लिहितात.

७. बाईनं डबा उन्हात ठेवला होता. औषध खराब झालं असंन ना?

झालं असू शकतं, आणि ते तुम्हाला स्वतःला बघता येतं. नेहमीच्या लसींमध्ये पोलिओचे थेंब उष्णतेला सर्वांत नाजूक. म्हणून प्रत्येक कुपीवर एक जांभळट गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन असतो. जितकी ऊब लागेल तितका चौकोन गडद होत जातो आणि परत कधीच फिका होत नाही. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त काळा झाला की ती कुपी फेकायची.

फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडे ऊन कसं पडतं ते सांगायला नको. कुपी दाखवा म्हणायला लाजू नका. चांगली सिस्टर त्यावर चिडत नाही, उलट दोन बायकांना बोलावून दाखवते.

८. यवतमाळ जिल्ह्यात थेंबाऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना उलट्या झाल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलं वाचली. संबंधित तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

काही कार्यकर्ते ‘हा विषय काढू नका, लोक बिचकतात’ असं म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. ज्यांच्या जिल्ह्यात घडलं त्यांना ते ठाऊकच असतं, आणि आपण गप्प बसलो की पुढचंही ते खरं मानत नाहीत. ती चूक लसीची नव्हती, हलगर्जीपणाची होती, आणि ती पकडणं कठीणही नाही. लसीची कुपी लहान असते, तिच्यावर लेबल आणि प्रश्न ७ मधला चौकोन असतो, ती बर्फाच्या डब्यातून निघते. यातलं काही दिसलं नाही तर मुलाचं तोंड उघडू देऊ नका.

९. या थेंबानं पुढं पोरं होत नाही म्हणतात.

१९९५ च्या पहिल्या मोहिमेत ज्यांनी डोस घेतला ती मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांचीच लेकरं आता बूथवर येतात. बूथवर उभं राहून मोजा.

ही अफवा मात्र स्वस्तात पडलेली नाही. २००३ मध्ये नायजेरियातल्या कानो राज्याने याच संशयावरून लस थांबवली, जवळजवळ वर्षभर. तिथून विषाणू सुटला तो आफ्रिकेतले देश ओलांडून पार इंडोनेशियापर्यंत गेला. माहितीपटातल्या कानोच्या गल्ल्यांचा प्रसंग याच काळानंतरचा. उत्तर प्रदेशातही मुस्लिम वस्त्यांत हीच कुजबुज होती. ती पोलीस पाठवून गेली नाही. मौलवी, मदरशातले शिक्षक आणि त्याच मोहल्ल्यातल्या बाया सोबत घेतल्या, तेव्हा दारं उघडली.

१०. पाकिस्तानात डोस पाजणाऱ्या बायांना गोळ्या काऊन घालतात?

हा प्रसंग दाखवला की मंडपात आवाज बंद होतो, आणि बहुतेक वेळा पुढच्या रांगेतल्या आशा ताईच हा प्रश्न विचारतात.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. आडभागातल्या टोळ्यांचा सरकारवर आणि परदेशी पैशावर आधीपासून अविश्वास होता. त्यात २०११ मध्ये अबोटाबादला ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा शोधताना अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने शकील आफ्रिदी या डॉक्टरकरवी लसीकरणाचं सोंग केलं. ती लस कावीळ ब ची होती, पोलिओची नव्हती. पण डबा घेऊन दारात येणारी बाई हेर असू शकते, एवढं म्हणायला ते पुरलं. २०१२ मध्ये वझिरिस्तानात तालिबानी गटांनी मोहिमेवर बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या शेवटी लसीकरण करणाऱ्यांवर ठिकठिकाणी गोळीबार झाले. तेव्हापासून तिथं कर्मचारी आणि त्यांच्यासोबतचे पोलीस मारले जात आहेत. अफगाणिस्तानातल्या मोठ्या भागात २०१८ नंतर घरोघरी जायलाच मनाई झाली. मशिदीत किंवा एखाद्या ठिकाणी बोलावून पाजलं की लहान बाळं आणि बाहेर न पडणाऱ्या बायांची मुलं सुटतात.

लसीकरणाचा वेश हेरगिरीसाठी वापरणं हा आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महागडा मूर्खपणा. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्या कटाशी काडीचा संबंध नव्हता.

११. माहितीपटात सगळं यूपी-बिहार. आपल्या विदर्भाचं काहीच काऊन नाही?

कारण विषाणूचा शेवटचा मोठा अड्डा तिथं होता. आपल्याकडची लढाई तुलनेने शांत होती. शांत लढाईकडं कॅमेरे जात नाहीत. मेळघाटात पायवाटेने डबा वाहून नेणाऱ्यांवर कोणी चित्रपट काढला तर आम्ही तोही दाखवू.

१२. देवी रोग गेला तसा हा काऊन जात नाही?

देवीचं १९८० मध्ये निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. १९८८ मध्ये जगाने पोलिओचं मनावर घेतलं, तेव्हा सव्वाशे देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती, आणि २००० सालापर्यंत संपवू असं ठरलं. ते साल कधीच मागे पडलं. आता २०२७ आणि २०२९ या तारखा बोलल्या जातात.

फरक दिसण्यात आहे. देवी आली की अंगभर फोड यायचे, शेजारच्या गावालाही कळायचं. रुग्ण शोधा, भोवतालच्यांना टोचा, झालं. पोलिओत २०० मधले १९९ दिसतच नाहीत (प्रश्न १). एक मूल लुळं पडलेलं कळतं तोवर विषाणू कितीतरी घरं फिरून आलेला असतो. देवीची एक लस पुरायची, इथं डोसामागून डोस लागतात. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये तर दहा-दहा डोस घेतलेली मुलंही लुळी पडत होती. दाट वस्ती, उघडी गटारं, सततची हगवण. अशा आतड्यात लस नीट धरत नव्हती.

तीन प्रकारच्या विषाणूंची एकत्र लस दिली की ते आपसात अडथळा करतात हेही लक्षात आलं. जानेवारी २०१० पासून टाइप १ आणि ३ ची वेगळी लस आली, कोसी नदीच्या पुरात अडकणाऱ्या वस्त्यांपर्यंत होड्यांनी टीम गेल्या. भारतातले आकडे पाहा: २००९ मध्ये ७४१, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये १.

तिन्ही प्रकारांपैकी दोन जगातून गेले आहेत. टाइप २ चा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९९९ मध्ये अलिगडला सापडला. टाइप ३ चा २०१२ मध्ये नायजेरियात. उरला आहे टाइप १.

१३. डोसामुळेच पोलिओ होतो असं मोबाइलवर आलं होतं. खोटं ना?

अर्धं खरं. म्हणूनच ते पसरतं.

थेंबांत जिवंत पण अशक्त केलेला विषाणू असतो. फार क्वचित, साधारण २७ लाख डोसांमागे एकदा, तो डोस घेणाऱ्यालाच लकवा करू शकतो. सुईची लस सोबत दिल्याने हा धोका आणखी कमी होतो.

दुसरा प्रकार वेगळा. डोस घेतलेलं मूल काही आठवडे हा अशक्त विषाणू विष्ठेतून टाकतं. गावात जवळपास सगळ्यांचे डोस झाले असतील तर तो तिथंच संपतो. पण डोस न झालेली मुलं पुष्कळ असतील तर तो एकातून दुसऱ्यात वर्ष-वर्ष फिरतो, बदलत जातो आणि पुन्हा लकवा करण्याइतका जोरदार होतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक तरुण आणि २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांचं बाळ यातूनच लुळं पडलं. आपल्याकडे २०२४ मध्ये मेघालयात दोन वर्षांच्या मुलाला लसजन्य विषाणूचा पोलिओ आढळला. नैसर्गिक विषाणू परत आला अशी बातमी तेव्हा फिरली, ती चुकीची होती.

यात टाइप २ चा हात सर्वांत मोठा. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकदमच तो थेंबांतून काढला. निर्णय कागदावर बरोबर होता, पण काही देशांत लसीकरण आधीच विरळ होतं. तिथं उरलेला टाइप २ फिरत राहिला आणि त्याला अडवणारी लस मुलांच्या पोटात नव्हती. त्यासाठी सहजासहजी न बदलणारा नवा थेंब तयार केला, तो २०२१ पासून साथ असलेल्या भागांत वापरतात.

म्हणजे गंमत अशी की लसजन्य पोलिओवरचा उपाय थेंब सोडणं नसून कोणाचाही डोस न सोडणं हा आहे. ‘थेंब नको’ म्हणणारी वस्ती वाढली की नेमकी हीच साथ वाढते.

१४. मग सगळ्यांना सुईच का देत नाहीत? अमेरिकेत देतात ना?

देतात, कारण तिथं स्वच्छ पाणी आणि बंद गटारं आहेत. सुईतला विषाणू मेलेला असतो. तो रक्तात संरक्षण देतो, मूल लुळं पडत नाही. पण आतड्यात विषाणू वाढायचा तो बराचसा वाढतोच आणि बाहेर पडत राहतो. साखळी तोडायला थेंब, लेकराचा पाय वाचवायला दोन्ही. सुईला शिकलेला हात लागतो, थेंब पाजायला गावातली ताई पुरते. जगातून विषाणू गेला की थेंब बंद करून फक्त सुई ठेवायची, असंच ठरलेलं आहे.

१५. तो लोखंडी पिंप कशाचा होता? त्यात माणूस कसा?

पोरं हाच प्रश्न आधी विचारतात. त्याला लोखंडी फुप्फुस म्हणत. छातीचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाला मानेपर्यंत आत ठेवायचे आणि हवेचा दाब कमी-जास्त करून त्याची छाती हलवायची. १९५२ मध्ये अमेरिकेत सुमारे ५८ हजार जणांना पोलिओ झाला, तेव्हा दवाखान्यांत अशा पिंपांच्या रांगा होत्या. १९५५ मध्ये जोनास साल्क यांची सुईची लस आली आणि पुढे आल्बर्ट सेबिन यांचे थेंब.

१६. आम्ही विटभट्टीवर असतो. आमचं नाव ना इथल्या यादीत, ना गावच्या.

जिथं आहात तिथं पाजा. आधार, रेशनकार्ड, गावचा दाखला काही लागत नाही. पाच वर्षांखालचं मूल एवढं पुरे. मेळघाटातली कुटुंबं दिवाळीनंतर कामाला उतरतात आणि होळीला परततात. मोहिमेचा रविवार बऱ्याचदा नेमका याच मधल्या काळात येतो. छत्तीसगड-बालाघाटकडून आलेले भट्टीवरचे मजूर, कापूस वेचायला आलेल्या टोळ्या, मेंढरं घेऊन फिरणारे, पारध्यांचे बेडे: सुटतात ती मुलं इथलीच. एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर बूथ असतात. भट्टीमालकांना आणि शेतकऱ्यांना आमची विनंती: तुमच्या आवारात किती लहान लेकरं आहेत ते आशा ताईंना आधीच सांगा.

१७. डॉक्टरनं सुई मारली अन् पोराचा पाय लुळा पडला. हा पोलिओ का सुईचा दोष?

दोन्ही शक्य, तिसरंही शक्य. कुल्ल्यावर चुकीच्या जागी सुई बसली तर तिथली मोठी नस दुखावते. दुसरीकडे, पोलिओचा ताप अंगात असताना सुई दिली तर त्याच पायात लकवा येऊ शकतो हेही माहीत आहे. त्यामुळे घरी बसून किंवा झाडपाल्यावर वेळ काढून ठरवू नका.

नियम साधा: १५ वर्षांखालच्या कोणाचाही हात किंवा पाय अचानक ढिला पडला, तर त्याच दिवशी आशा ताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात, तेही लकवा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जातात. साठ दिवसांनी मुलाची परत तपासणी होते. भारत पोलिओमुक्त आहे हे आपण म्हणू शकतो ते याच नमुन्यांच्या जोरावर. नमुना देताना लाजणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगतो.

१८. पुण्यात २०२५ मध्ये लकव्याची साथ आली होती. तोच पोलिओ का?

नाही. तो गियान-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. साधारणपणे दोन्ही पाय सारखेच ढिले होतात आणि बरेच रुग्ण सावरतात. पोलिओत बहुधा एका बाजूला जास्त आणि कायमचं. १५ वर्षांखालच्या मुलात मात्र फरक आपण करायचा नाही, प्रश्न १७ प्रमाणे कळवायचं.

१९. मला लहानपणी पोलिओ झाला. आता पन्नाशीत चांगला पायही थकतो. पोलिओ परत आला का? आता थेंब घेऊन काही होईल का?

विषाणू परत आलेला नाही आणि थेंबांनी गेलेली ताकद येत नाही. लहानपणी ज्या नसा वाचल्या त्यांनी मेलेल्या नसांचं कामही वर्षानुवर्षं ओढलं. त्या आता थकतात. डॉक्टर याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. जास्त व्यायामाने पाय मजबूत होईल या समजुतीने पुष्कळ जण तो आणखी बिघडवतात. झेपेल तेवढंच काम, मध्ये मध्ये विश्रांती, वजन ताब्यात, आणि जुना कॅलिपर ढिला झाला असेल तर नवा मापून घेणं, याचा जास्त उपयोग होतो.

गिळायला किंवा रात्री श्वासाला त्रास होऊ लागला असेल तर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात दाखवा. अपंगत्वाचं जुनं प्रमाणपत्र कमी टक्क्यांचं असेल आणि आता चालणं खूपच कमी झालं असेल, तर फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. जाताना जुनं प्रमाणपत्र आणि आधार सोबत न्या.